अव्वाचं बारावं पान

"सन्मती, दोन्ही हात पुढं कर," आदगोंडा आण्णा म्हणाले. "एका हातानं घ्यायची नसती ही. आणि एक पान जरी तुटलं तर तिथं तुझं कातडं लावीन, आत्ताच सांगून ठेवतो."

मी दोन्ही हात पुढं केले. तांबड्या कापडात बांधलेली ती ताडपत्राची पोथी हातावर आली, तेव्हा मला आधी जाणवलं ते तिचं वजन, म्हणजे वजन नसणंच. अकरा पानं, वर-खाली दोन लाकडी पट्ट्या आणि मधून ओवलेली दोरी. आठशे वर्षांपूर्वीचं म्हणायचं ते एवढंच होतं.

श्रुतपंचमीचा दिवस होता. आमच्या बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, वर्षातून त्या एका दिवशी कपाटातल्या जुन्या पोथ्या बाहेर काढतात. पुसतात, गंध-अक्षता वाहतात, तेलाच्या दिव्यानं ओवाळतात आणि नव्या कापडात बांधून पुन्हा वर्षभरासाठी आत ठेवतात. वाचत मात्र कुणी नाही. वाचायची गोष्ट आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. धारवाडला जुन्या कानडीचं एम.ए. करून आलो होतो आणि नोकरीचा पत्ता नव्हता. "मेलेली भाषा शिकून आलाय, आता काय मसणवट्यात मास्तर होणार काय," असं लोक तोंडावर विचारत. त्यामुळं बस्तीचे अध्यक्ष आदगोंडा आण्णा पाटील यांनी आपण होऊन मला बोलावलं, याचंच मला केवढं अप्रूप वाटलं होतं.

ही पोथी म्हणजे 'अव्वाचा पाठ'. गावामागच्या टेकडीवर एका आर्यिकेच्या, म्हणजे जैन साध्वीच्या, पादुका आहेत. तिला सगळे डोंगरावरची अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. तिनं रचलेली अकरा कडवी आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बारशाला म्हणत आल्या आहेत, पाळण्याभोवती गोल उभ्या राहून. अर्थ एकीलाही ठाऊक नव्हता. भाषा जुनी कानडी, आणि तीही आमच्या मराठी तोंडात शिरून पार मोडलेली. पण मूल, दूध, पाळणा असे तीन-चार शब्द आमच्या सीमेवरच्या माणसाला ओळखू येतात. तेवढ्यावर गावानं ठरवून टाकलं होतं, की हा बाळाला दीर्घायुष्य देणारा आशीर्वाद आहे.

"वर शुद्ध पाठ, खाली मराठी अर्थ," आण्णा म्हणाले. "छोटी पुस्तिका काढू. सून आषाढात मोकळी होईल, नातवाच्या बारशाला वाटू. तुझं नाव घालतो की."

"पहिल्या पानावर?"

"शेवटच्या," आण्णा म्हणाले. "पहिल्यावर माझा फोटो हाय."

घरी मी, आई आणि राजमतीआक्का अशी तिघं होतो. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला मुलगा झाला, अजित. तो चार महिन्यांचा होऊन माघात एका रात्री पाळण्यातच गेला. सकाळी हात लावला तर अंग गार. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, कारण सांगता येत नाही.

आक्का रडली नाही. "मला झोप लागली होती, काही ऐकू आलं नाही," एवढंच एकदा म्हणाली आणि मग त्यावर बोललीच नाही. फाल्गुनात माहेरी आली ती एकाशन धरून, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही मोजकं. रंगीत लुगडी पेटीत गेली. दिवसभर खाली मान घालून जपमाळ ओढायची. गाव म्हणालं, काय हे वैराग्य! म्हाताऱ्या बायका वाटेत थांबून तिला हात जोडायला लागल्या. आषाढी चौदसला शेजारच्या गावी आर्यिकांचा संघ चातुर्मासाला यायचा होता. आक्कानं आईला सांगून टाकलं होतं, "मी त्यांच्यासोबत जातो. पुढं दीक्षा घेतो." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात.

दाजी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा दारात उभे राहून परत फिरले. आईला अभिमान वाटत होता की भीती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मला मात्र स्पष्ट कळत होतं. डोक्यात टपली मारून "ए पंडित, पाणी आण" म्हणणारी माझी आक्का मला परत हवी होती, आणि ती चौदसला कायमची जाणार होती.

तिची सासू, जिला ती आत्ती म्हणते, दर सोमवारी यायची. जयसिंगपूरकडून दुपारच्या एस.टी.नं, पदराखाली एक डबा घेऊन. आमच्या सोप्यात खांबाला टेकून बसायची. आक्का आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. आई चहा ठेवायची, तो तसाच निवायचा. "बरी हाय न्हवं?" एवढं विचारून सासू पाचच्या गाडीनं परत. आईला वाटे, सून न्यायला येते. शेजारी म्हणत, टोचून बोलायला येते. पण ती बोलतच नसे, मग टोचणार कुठून?

तर अशा घरात मी ती पोथी उघडली. खिडकीखाली पाट मांडला, धारवाडचा जाडजूड कोश शेजारी ठेवला, आणि बारीक अक्षरं उकलायला बसलो. लोखंडी लेखणीनं पानावर ओरखडून काढलेली अक्षरं, त्यांत काजळ भरलेलं. बायकांच्या तोंडचा पाठ आणि पानावरचा पाठ यांत इतकं अंतर होतं की पहिले तीन दिवस मी नुसते शब्दच जुळवत होतो. खरं सांगायचं तर अर्थाकडं माझं लक्ष नव्हतं. धारवाडच्या नियतकालिकात लेख कसा लिहीन, त्याला नाव काय देईन, यातच मी रमलो होतो.

चौथ्या दिवशी शेजारी मगदुमांच्या घरी बारसं होतं. आईला बोलावणं होतं, आक्काला नव्हतं. मूल गेलेल्या बाईला पाळण्याच्या गोलात उभं करत नाहीत. तसं कुणी बोलून दाखवत नाही, फक्त बोलावणं येत नाही. आक्का उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. भिंतीपलीकडून बायकांचा पाठ सुरू झाला तसे तिचे हात थांबले. मी मुद्दाम मान वर केली नाही. अजितच्या बारशाला याच बायकांनी हाच पाठ म्हटला होता.

त्या आवाजाच्या ओघात मी माझ्या वहीतले शब्द सरळ एका रांगेत वाचत गेलो. आणि पहिल्यांदाच वाक्य लागलं.

'गुरुमाते, तू म्हणतेस दोष सांग. गवतावर पाय पडला तो मी सांगते. गाळल्याशिवाय पाणी प्याले ते सांगते. ते सांगायला सोपे आहेत.'

मी थबकलो. हा आशीर्वाद नव्हता. आमच्यात साधू-साध्वी गुरूपुढं बसून आपल्या हातून झालेले दोष एकेक करून सांगतात, त्याला आलोचना म्हणतात. ही आलोचना होती. चंदव्वे नावाची एक बाई गुरूपुढं बसून बोलत होती. पलीकडं ढोलकी वाजत होती, बायका बाळाचं नाव कानात सांगायच्या गडबडीत होत्या, आणि मी पुढचं पान उलटलं.

'लोक म्हणतात, चंदव्वेचं मूल गेलं आणि ती रडली नाही, केवढं हे वैराग्य. मी ऐकून घेते. नाही म्हणत नाही. हा एक दोष.'

'मूल गेल्यावर अकरा दिवस माझ्या अंगावर दूध येत होतं. चोळी भिजे. चोळीला मुंग्या लागल्या. मी हलले नाही. लोक म्हणाले, मुंगीलाही इजा नको म्हणून स्थिर बसली आहे. मी मुंग्यांसाठी बसले नव्हते. मला उठवत नव्हतं.'

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवळात ज्या पोथीला वर्षानुवर्षं हात जोडले, तिच्यात एक बाई बसली होती. ओली चोळी घातलेली, आमच्या गल्लीत सहज खपून गेली असती अशी. आणि बोलत होती ते कुणा देवाशी नव्हे, साध्या माणसाशी बोलावं तसं. सातव्या पानाशी मी पाटावरून उठलोच. अकरावं संपवलं तेव्हा पाठ कधीच थांबला होता आणि आई बारशाची घुगरी घेऊन परत आली होती.

वही काखेत मारून मी आण्णांकडं धावलो. आण्णा ओसरीवर होते. मी उभ्या उभ्याच अर्थ वाचून दाखवला. सातव्या पानाशी त्यांनी चष्मा काढला आणि शेवटपर्यंत परत लावला नाही.

"हे आपण बारशाला म्हणतोय?" ते अगदी हळू म्हणाले. "माझ्या बारशाला म्हटलंय. माझ्या बापाच्या म्हटलंय. अरे, पाळण्याशी उभं राहून!"

"आण्णा, पण किती खरं आहे हे. एवढ्या वर्षांपूर्वीची बाई..."

"ते तुझ्या धारवाडला सांग. पाठ छाप, अर्थ नको. सून पोटुशी हाय माझी." मग म्हणाले, "कुणाला वाचून दाखवलास काय?"

"नाही."

"राजमतीला तर अजिबात नको. कळलं?"

मी मान हलवली. खरंच ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आई बस्तीत गेली होती तेव्हा आक्का खोलीतून बाहेर आली आणि माझ्या पाटासमोर बसली.

"काल आण्णांकडं पळत का गेलतास?"

"काही नाही. अर्थ लागला, तो सांगायला."

"काय हाय अर्थ?"

"आशीर्वाद आहे. बाळाला आयुष्य वगैरे."

"मग वही का मिटलीस?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "माझ्यापासनं लपवाय लागलास काय रे, पंडित?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला पंडित म्हटलं होतं. माझं सगळं ठरवलेलं तिथंच वितळलं. मी वही उघडली. वाटेत कधीही थांबव, असं तिला बजावलं आणि वाचायला लागलो.

दूध आणि मुंग्यांशी आलो तेव्हा तिनं पदर छातीशी घट्ट धरला. मी थांबलो.

"पुढं वाच."

"आक्का, नको."

"वाच म्हणतो न्हवं."

मी सातवं पान वाचलं.

'आता मोठा दोष सांगते. त्या रात्री मूल रडलं. दिवसभर मी साळी कांडल्या होत्या, कंबर मोडली होती. लोकांना मी सांगितलं, झोप लागली होती. गुरुमाते, मी जागी होते. पलीकडं सासू होती. ती उठेल म्हणून मी डोळे मिटून पडून राहिले.'

मी मान खाली घालून आठवं वाचलं.

'मूल थोडं रडलं, मग थांबलं. मला बरं वाटलं. थांबलं म्हणून मला बरं वाटलं, गुरुमाते. हजार उपास केले तरी ते बरं वाटणं माझ्या अंगातून जात नाही.'

बाहेर कुणीतरी शेळी हाकत गेलं. आक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती माझ्याकडं नव्हे, त्या पानाकडं बघत होती.

"तिला कसं कळलं?" ती म्हणाली.

"काय कसं कळलं?"

"सन्मती, मी जागी होतो."

मला तेव्हा समजलंच नाही, ती कुठल्या रात्रीबद्दल बोलतेय. मग समजलं, आणि मी वही मिटली.

"हे शेतावर गेलते पाणी पाजायला," ती सांगायला लागली, अगदी सरळ आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "खोलीत मी, मधी पाळणा, पलीकडं आत्तींचं अंथरूण. त्यादिवशी घरात पंगत होती, चाळीस माणसांच्या पोळ्या लाटल्या होत्या मी. तो कुरकुरला. मला ऐकू आलं. म्हटलं, आत्ती उठतील. मी डोळे मिटले. तो गप झाला. आणि मला बी..." तिनं तोंडावरून पदर फिरवला. "मला बी बरं वाटलं रे."

"आक्का, तू उठली असतीस तरी कदाचित..."

"ते मला सांगू नको. तसं सगळेच सांगतात." तिनं हात वर केला. "माझ्यासारखी दुसरी बाई जगात नसंल, असं वाटत होतं मला. म्हणून तर जाणार होतो मी. आणि ही तर..." तिनं पानावर बोट ठेवलं, अगदी हलक्या हातानं, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. "ही पादुकावाली अव्वा हाय न्हवं? तिला मी लहानपणापासनं नमस्कार करतोय."

मी सात वर्षं ती भाषा शिकलो होतो. तिचे प्रत्यय, तिचे छंद, तिच्या राजांच्या वंशावळ्या पाठ केल्या होत्या. पण तिच्यातून कुणी माझ्या बहिणीशी बोलेल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की मी वाचायला शिकलो.

"पुढं काय झालं तिचं?" आक्कानं विचारलं.

मी उरलेली तीन वाचली. दीक्षेच्या रीतीनं डोक्यावरचे केस हातानं उपटले तरी दुखत नाही, असं ती सांगते. टेकडीवर एकटी राहते. खाली गावात कुणाचं मूल रडलं की अजून अंग उठायला बघतं, असं म्हणते. आणि तिथं अकरावं पान संपतं.

"असं कसं संपंल?" आक्का म्हणाली. "हिनं पुढं काहीतरी सांगितलं असणार."

"अकराच पानं आहेत. पाठही अकराच कडव्यांचा आहे."

तिनं पोथी मांडीवर घेतली आणि शेवटचं पान चिमटीत धरलं. ती भाकरीचं पीठ बोटांनी जोखणारी बाई. "हे जाड लागतंय," ती म्हणाली. "दोन हायत ही."

मी बघितलं. दोन होती. इतकी वर्षं दर श्रुतपंचमीला गंध लावलं, दिव्याचं तेल सांडलं, आणि त्या पूजेच्या थरानं शेवटची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटून गेली होती. गावानं भक्तिभावानं तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

धारवाडला सरांनी शिकवलं होतं तसं गवती चहाचं तेल मागवलं. कापसाच्या बोळ्यानं कडांना लावायचं, वाट बघायची, पुन्हा लावायचं. माझा धीर पहिल्याच दिवशी सुटला. आण्णांनी कातड्याचं सांगितलेलं सारखं आठवायचं. सगळं काम आक्कानं केलं. चार दिवस ती जपाची वेळ सोडून त्या पानाशी बसत होती. दोन अंगुळं सुटलं की मला हाक मारायची. आईला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण लेक हाक मारतेय एवढ्यावरच ती खूश होती.

शनिवारी दुपारी पान सुटलं. काजळ काही ठिकाणी उडालं होतं, पण ओरखडे शाबूत होते. मी कोश बघत, अडखळत, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत गेलो.

'सात चातुर्मास उलटले. आज एक म्हातारी टेकडी चढून आली. तिला दम लागला होता. मी आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. माझी सासू. मला वाटलं पाया पडायला आली. ती म्हणाली, त्या रात्री मीही जागी होते. तू उठशील म्हणून पडून राहिले. सात वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

'गुरुमाते, आम्ही दोघी पायरीवर बसलो. ती रडली. मीही रडले. साध्वीनं रडू नये. हा माझा दोष, नोंद करून घे.'

मी वर बघितलं. आक्काचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. तिनं विचारलं, "आज वार कुठला?"

"शनिवार."

ती उठून आत गेली.

पुस्तिकेचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. ती निघाली. पुढं आण्णांचा फोटो, आत अकरा कडवी, अर्थ नाही, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव. माझा लेख मी लिहिलाच नाही. पण अर्थ छापला नाही म्हणून थोडाच राहतो? आक्कानं एकीला सांगितला, तिनं दुसरीला. पाठ बंद पडेल अशी आण्णांना धास्ती होती. तो बंद पडला नाही. आता आमच्या गावात बारा कडवी म्हणतात, आणि ज्या बाईचं मूल गेलं असेल तिला गोलात सगळ्यांत आधी उभी करतात. आक्का संघासोबत गेली नाही, हेही तुम्ही ओळखलं असेलच.

राहिला तो सोमवार.

दुपारची एस.टी. आली. सासू नेहमीसारखी आली, चपला पायरीशी काढल्या, डबा शेजारी ठेवला आणि खांबाला टेकून बसली. "बरी हाय न्हवं?" तिनं आईला विचारलं. आई उत्तर देणार, तेवढ्यात आतल्या खोलीची कडी वाजली.

आक्का बाहेर आली. सासू गडबडून उठायला लागली तशी आक्का तिच्यासमोर खाली बसली. दोघींच्या मध्ये हातभर जागा होती. मी वही घेऊन उभा होतो, वाचायला सांगेल म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"आत्ती," ती म्हणाली, "मी खोटं बोललो. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. मी जागी होतो. तुम्ही उठशीला म्हणून पडून राहिलो."

म्हातारीचा हात डब्याच्या झाकणावर होता. तो तसाच राहिला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "डोळं मिटलं हुतंस, पर पापणी हलत हुती तुझी. कंदिलाच्या उजेडात दिसत हुती."

आईच्या हातून तांब्या निसटला. कुणी तिकडं बघितलं नाही.

"म्हणजे तुम्ही..."

"मी बी जागीच हुतो, राजा. म्हटलं, तरणीताठी हाय, उठंल आत्ता." तिनं डबा बाजूला सारला. "त्यो गप झाला तशी मी कूस बदलली."

आक्का तिच्याकडं बघत राहिली. मग तिचा श्वास मोठ्यानं फुटला आणि पाच महिने अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. रडता रडताच तिनं सासूचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले.

"मग मला सांगितलं का न्हाईसा? इतके दिस मी एकटीच... का सांगितलं न्हाईसा, आत्ती?"

"सांगायलाच तर दर सोमवारी येत हुतो, बाई," म्हातारी म्हणाली. "तू बाहेर कुठं येत हुतीस?"